अंगठी आणि तिसरी पाळी

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातील एखाद्या मोठ्या वाहन-कारखान्यात नव्याने रुजू होणाऱ्या माणसाला पहिल्या दिवशी सुरक्षिततेचे जे पाठ दिले जातात, त्यांत हेल्मेट आणि सेफ्टी शूज यांच्या जोडीने एक हुकूम बहुधा ठरलेला असतो : शॉपफ्लोअरवर अंगठी चालणार नाही. मग ती साखरपुड्याची असो, आईने पंढरपुराहून आणलेली असो, की साडेसातीच्या धास्तीने घोड्याच्या नालेपासून घडवून घेतलेली असो. फिरत्या शाफ्टमध्ये किंवा कन्व्हेअरच्या कडीत ती अडकली आणि देहाचा भार एका दिशेला व यंत्राचा ओढा दुसऱ्या दिशेला गेला, म्हणजे बोटावरची त्वचा रक्तवाहिन्यांसकट हाडापासून सोलून निघते. या इजेची शल्यचिकित्सकांनी केलेली प्रतवारी १९८१ पासून प्रचारात आहे, आणि तिच्या शेवटच्या प्रतीत बोट वाचेलच अशी हमी सहसा कोणी देत नाही. त्यासाठी यंत्रच हवे असेही नाही; २०१५ साली अमेरिकेतील विख्यात दूरचित्रवाणी-निवेदक जिमी फॅलन राहत्या घरात अडखळून पडला, पडताना बोटातली अंगठी अडकली, आणि ते एक बोट वाचविण्यासाठी त्याला सहा तास शस्त्रक्रियेच्या टेबलावर पडून राहावे लागले. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या बाविसाव्या कलमात चालू यंत्राजवळ काम करणाऱ्याचे कपडे अंगाबरोबर घट्ट असावेत असे जे म्हटले होते, त्याच्या मुळाशी हेच भय होते.

मोटारीच्या कारखान्यात याला दुसरे एक कारण येऊन मिळते, ते मोटारीच्या अंगाचे. रंग चढलेल्या सांगाड्यावर अंगठीचा, घड्याळाचा किंवा पट्ट्याच्या बकलाचा ओरखडा उठला, तर तो पुसण्याचा खर्च ओरखडा काढणाऱ्याच्या रोजापेक्षा जास्त असतो. म्हणून बकलावरसुद्धा कापडी आवरण चढविण्याचा शिरस्ता अशा कारखान्यांत आढळतो. जिथे पाळी सुरू होताच पुष्कराज आणि पोवळी लॉकरमध्ये जातात, त्याच मुलखात आता माणसाच्या झोपेची, नाडीची आणि तापमानाची रात्रंदिन नोंद ठेवणारी ‘स्मार्ट’ अंगठी येऊन दाखल झाली आहे, आणि ती घेणाऱ्यांत केवळ वातानुकूलित कचेरीत बसणारे इंजिनिअरच नव्हेत, तर तिसऱ्या पाळीला जाणारे फिटर आणि क्वालिटी विभागातले तपासनीसही आहेत, हे कळल्यावर या वस्तूचे गुणदोष येथल्या भूमीवरच तपासून पाहावेत असे मला वाटले.

वस्तूची पूर्वपीठिका थोडक्यात सांगता येते. फिनलंडच्या उत्तरेकडील औलू या गावी २०१३ साली तिघा जणांनी काढलेली ओरा ही कंपनी या व्यवसायातील आद्य आणि अद्याप अग्रेसर होय. २०१५ मध्ये लोकांकडून आगाऊ वर्गणी घेऊन तिने पहिली अंगठी विक्रीस काढली. आपल्याकडे बेंगळुरूच्या अल्ट्राह्यूमन या कंपनीने २०२३ मध्ये आणलेली ‘रिंग एअर’ अठ्ठावीस हजार चारशे नव्याण्णव रुपयांना मिळू लागली, तर २०२४ च्या ऑक्टोबरात सॅमसंगने आपली अंगठी अडतीस हजार नऊशे नव्याण्णवला भारतीय बाजारात मांडली. बोट कंपनीची एक साधी अंगठी तीन हजारांच्या आतही आली आहे. परंतु स्वस्त अंगठीच्या आकड्यांवर कितपत विसंबावे, हा प्रश्न किमतीबरोबर सुटत नाही. ओराच्या अंगठीला विकत घेतल्यावरही दरमहा सुमारे सहा डॉलरची वर्गणी चालू ठेवावी लागते. वर बोलल्या त्या आपल्याकडच्या अंगठ्यांना मूळ उपयोगासाठी ती लागत नाही. आता या किमतींच्या शेजारी एक सरकारी आकडा ठेवून पाहावा. राज्य कामगार विमा योजनेचा लाभ ज्यांना मिळतो त्यांच्या वेतनाची कमाल मर्यादा २०१७ पासून दरमहा २१,००० रुपये आहे. म्हणजे चिंचवडच्या मोहननगरातील विमा रुग्णालयात नाव नोंदविण्यास जो पात्र आहे, त्याला नावाजलेली अंगठी घ्यावयाची तर संपूर्ण महिन्याचा पगार खर्चूनही ती हाती पडत नाही. आरोग्याचे हे साधन कोणासाठी घडविले गेले आहे, याचा निर्णय बाजाराने आधीच देऊन टाकलेला आहे.

तिची रचना मात्र खरोखर विस्मयकारक आहे. जेमतेम तीन ग्रॅम वजनाच्या टायटॅनियमच्या कड्यात वाकविलेली इवलीशी बॅटरी, तापमान मोजणारा संवेदक, हालचाल टिपणारा दुसरा संवेदक आणि आतल्या बाजूस हिरवा, तांबडा व अवरक्त प्रकाश सोडणारे दिवे बसविलेले असतात. लहानपणी अंधारात बॅटरीच्या झोतावर तळहात धरला असता बोटे लालबुंद उजळलेली आपण पाहिली आहेत. तोच खेळ येथे शास्त्राच्या शिस्तीने चालतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर बोटातल्या सूक्ष्म वाहिन्यांत रक्त चढते, तेव्हा परत येणारा प्रकाश किंचित घटतो, आणि त्या चढउतारावरून नाडी मोजता येते. रक्तातील प्राणवायूचे प्रमाण दोन रंगांच्या प्रकाशाच्या तुलनेतून काढण्याची युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात शोधली, आणि करोनाच्या काळात घरोघरी बोटाला लावलेला चिमटा हा त्या युक्तीचाच वंशज. मनगटापेक्षा बोटात हा संकेत अधिक स्पष्ट मिळतो, शिवाय झोपेत घड्याळाप्रमाणे अंगठी टोचत नाही. म्हणून रात्रीची नाडी, दोन ठोक्यांमधील अंतराचे सूक्ष्म बदल आणि त्वचेच्या तापमानातील फरक या तीन बाबतीत चांगल्या अंगठीचे काम विश्वसनीय मानावयास हरकत नाही. तिचा खरा गुण एका आकड्यात नसून आठवड्यामागून आठवडे जमत जाणाऱ्या दप्तरात आहे. करोनाकाळात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी साठ हजारांहून अधिक माणसांच्या बोटांतील अंगठ्यांची नोंद याचसाठी अभ्यासली की, ताप अंगात चढत असल्याचा सुगावा माणसाच्या आधी अंगठीला लागतो काय.

माझी ज्याच्याशी गाठ पडली तो फिटर मूळचा लातूर जिल्ह्यातला. प्रेसशॉपच्या मेंटेनन्समध्ये आहे, परमनंट आहे, आणि मेदनकरवाडीच्या बाजूस पत्र्याच्या छपराखालच्या दोन खोल्यांत बायको व शाळकरी मुलासह राहतो. अंगठी त्याने हप्त्यावर घेतली. कामावर जाताना ती घरीच चार्जरवर ठेवावी लागते. आणि तसे पाहिले तर मोबाइलही फाटकाच्या आत नेता येत नाही, तेव्हा आत गेलेल्या साडेआठ तासांत त्याच्या देहाचे काय झाले याची तिला गंधवार्ता नसते. ज्या वेळी तो वीस फूट उंचीच्या प्रेसवर चढून वंगणाची नळी बदलतो, पहाटे चारला डोळ्यांवर झापड येत असताना पाना फिरवितो, ती वेळ दप्तरात कोरी आहे. मी हे बोलून दाखविले तेव्हा तो म्हणाला, “साहेब, झोप कमी पडली हे मलाबी कळतंय. पण किती कमी पडली, ते हिच्यामुळं कळलं.”

त्याने फोनवर उघडून दाखविलेला एक दिवस येथे नमूद करण्यासारखा आहे. आठवडा तिसऱ्या पाळीचा, वार गुरुवार. सकाळी आठ चाळीसला डोळा लागला. अकराच्या सुमारास देखभालीसाठी वीज गेली, पंखा थांबला आणि पत्र्याखाली उकाडा दाटला. साडेबाराला पुन्हा झोप, ती पावणेतीनपर्यंत, म्हणजे मुलगा शाळेतून येईतो. दोन तुकडे मिळून पाच तासही नाहीत. निद्रेच्या गुणपत्रिकेत शंभरांपैकी चोपन्न गुण, आणि खाली सौजन्यपूर्ण इंग्रजीत सल्ला असा की आज श्रम टाळावेत व लवकर निजावे. लवकर निजण्याच्या त्या वेळी तो कंपनीच्या बसमध्ये बसलेला होता, आणि बस आंबेठाण चौकात अडकली होती.

तरीही या माणसाला अंगठीचा उपयोग झाला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. शनिवारी मित्रांबरोबर घेतलेल्या दोन पेगांनंतर रात्रभर आपली नाडी नेहमीपेक्षा दहा-बारा ठोके चढी राहते, हे आठ-दहा शनिवार ओळीने पाहिल्यावर त्याने ते बसणे जवळजवळ सोडले. व्याख्यानांनी जे साधले नाही ते आलेखाने साधले. रात्रपाळीत दोननंतरचा चहा बंद केल्यावर सकाळची झोप लवकर लागते, हेही त्याने स्वतःच पडताळून पाहिले. एकदा दुसऱ्या दिवशी आलेल्या तापाची चाहूल आदल्या रात्री चढलेल्या तापमानाने दिली होती, असे तो सांगतो. मात्र आलेखाकडे लक्ष गेले ते ताप आल्यावर. बायकोने कैफियत वेगळीच मांडली. “हे उठले की आधी त्या फोनात बघतात आणि मग सांगतात झोप झाली का नाही. आधी मला विचारायचे, मी घोरलो का म्हणून.”

त्या माउलीच्या वाक्यातला रोग वैद्यकशास्त्राच्याही नजरेस आलेला आहे. २०१७ मध्ये अमेरिकेतील निद्राविज्ञानाच्या एका नियतकालिकात, यंत्राने दिलेले झोपेचे गुण सुधारण्याच्या नादात झोपच गमावून बसलेल्या रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध झाले, आणि या अवस्थेला ‘ऑर्थोसोम्निया’ असे नाव देण्यात आले. त्यात करुण भाग असा की प्रयोगशाळेत मेंदूच्या विद्युत्‌लहरी मोजून झोप ठीक असल्याचा निर्वाळा मिळाला तरी रुग्णाचा विश्वास यंत्रावरच राही. वस्तुतः अंगठीला मेंदूत काय चालले आहे हे दिसतच नाही. माणूस जागा आहे की झोपला आहे, हे ती नाडी आणि हालचाल यांवरून बऱ्यापैकी सांगते. मात्र गाढ झोप किती व स्वप्नांची किती ही जी मिनिटांनिशी वाटणी ती करून देते, तो अनुमानाचा प्रांत आहे. चाकणमध्ये दवाखाना असलेल्या एका डॉक्टरांनी मला सांगितले की, गाढ झोप फक्त चाळीस मिनिटे झाली म्हणून हादरून आलेले तरुण त्यांच्याकडे येतात. आणि ज्यांची मान जाड, पोट सुटलेले, घोरणे शेजारच्या खोलीत ऐकू जाणारे, अशा ज्या मंडळींची निद्रा-चाचणी खरोखर व्हावयास हवी ती मंडळी बायकोने हाताला धरून आणल्याखेरीज येत नाहीत. प्राणवायूचा आलेख रात्री वारंवार खाली जात असेल, तर तेवढे एक पान डॉक्टरांना अवश्य दाखवावे. उलट तो सरळ दिसला म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण सावळ्या त्वचेवर प्रकाशाचे हे मापन चुकण्याचा संभव अधिक असतो. मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०२० च्या डिसेंबरात प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, रुग्णालयातील बोटचिमट्याने दडविलेली प्राणवायूची कमतरता गोऱ्या रुग्णांपेक्षा काळ्या रुग्णांत जवळजवळ तिप्पट आढळली होती. अंगठीचे दिवे तळहाताच्या बाजूस, म्हणजे त्वचा फिकी असते तेथे, ठेवावयास सांगतात हा थोडा दिलासा. पण त्या बाजूला फिटरच्या बोटाला घट्टे असतात.

एका बाबतीत मात्र शंकेला जागा ठेवू नये. बाजारात मिळणाऱ्या काही अनामिक अंगठ्या सुई न टोचता रक्तातील साखर सांगण्याचा दावा करतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर ताकीद दिली की, अशा एकाही घड्याळाला वा अंगठीला मान्यता दिलेली नाही आणि तिच्या आकड्यावरून औषधाची मात्रा ठरविणे प्राणघातक होऊ शकते. मधुमेह घराघरांत असलेल्या आपल्या प्रांतात ही ताकीद मराठीत छापून औषधांच्या दुकानांत लावावयास हवी होती. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या डॉ. युडकिन यांच्याबरोबर २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेले छायाचित्र या संदर्भात आठवते : दोघा डॉक्टरांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी एक, २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. अंगकाठीने सडपातळ दिसणाऱ्या, दिवसाला दहा हजार पावले सहज भरणाऱ्या आणि अंगठीकडून शाबासकी मिळविणाऱ्या लाइनवरच्या तरुणाच्या पोटात काय साठते आहे, ते बोटावरून कळत नाही. त्याला वर्षातून एकदा उपाशीपोटी रक्त द्यावेच लागेल. २०२५ च्या नोव्हेंबरात अमलात आलेल्या नव्या श्रमसंहितांनी चाळिशीपुढच्या कामगारांना वार्षिक मोफत आरोग्यतपासणीचा हक्क दिला आहे. या पट्ट्यातल्या कामगारांचे सरासरी वय पाहिले, तर हा हक्क पुष्कळांच्या वाट्याला उशिराच येणार.

आयुर्मर्यादेची गोष्टही खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावी. अंगठीतली बॅटरी बदलता येत नाही. भरण्या-उतरण्याची आवर्तने होत गेली की पाच दिवस चालणारी अंगठी दोन दिवसांवर येते आणि दोन-तीन वर्षांत निरुपयोगी होते. सॅमसंगची अंगठी उघडून पाहिल्यावर ‘आयफिक्सइट’ या दुरुस्ती-प्रसारक संस्थेने ती सर्वस्वी फेकून देण्याच्या लायकीची ठरविली होती. सोन्याची अंगठी अडीअडचणीला मोडता तरी येते. शिवाय उन्हाळ्यात बोटे फुगतात, आणि अडकलेली टायटॅनियमची अंगठी, तीही पोटात लिथियमची बॅटरी असलेली, साध्या कातरीने कापता येत नाही. म्हणून कंपनीकडून मापाचे प्लॅस्टिकचे नमुने येतात ते रात्रभर घालून मगच माप ठरवावे, हा व्यवहारी सल्ला.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. देहात दिवसरात्रीचे घड्याळ असते व ते प्रकाशाशी बांधलेले असते, ही गोष्ट २०१७ च्या नोबेल पारितोषिकाने लोकविश्रुत झाली. आणि त्या घड्याळाविरुद्ध वर्षानुवर्षे चालणाऱ्या रात्रपाळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००७ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात घातले व २०१९ मध्ये तो निर्णय कायम केला. पाळ्या पुढे सरकत जाव्यात, म्हणजे सकाळनंतर दुपार आणि दुपारनंतर रात्र, हा क्रम उलट्या क्रमापेक्षा शरीराला सुसह्य पडतो, हेही श्रमशास्त्रज्ञ दीर्घकाळ सांगत आले आहेत. इकडे महाराष्ट्र मंत्रिमंडळाने ३ सप्टेंबर २०२५ रोजी कारखान्यांतील कामाची दैनिक मर्यादा नऊ तासांवरून बारावर आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ तासांवरून १४४ वर नेण्यास मान्यता दिली. जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती हवी, अशी अट त्यात आहे. मंत्रालयात आणि पाळीपत्रक आखणाऱ्याच्या टेबलावर ज्या झोपेचा निकाल लागतो, तिच्या तुटीचा जाब अंगठी विचारते मात्र फिटरला. त्याने पडदे जाड घ्यावेत, चहा सोडावा, श्वासाचे व्यायाम करावेत. अंगठीच्या ॲपला याहून निराळे काही सुचणे शक्यच नाही, कारण त्यात मालकाचा रकाना नाही.

तो रकाना उघडला तर काय होईल, ही चिंता मला त्याहून मोठी वाटते. २०२० मध्ये करोनाच्या सावटाखाली अमेरिकेच्या बास्केटबॉल संघटनेने खेळाडूंना अशा अंगठ्या देऊ केल्या, त्या वेळी त्या घालण्याची सक्ती नव्हती. खेळाडूंच्या पाठीशी प्रबळ संघटना होती; ठेकेदाराकडे सात महिन्यांच्या बोलीवर लागलेल्या पोराच्या पाठीशी कोण आहे? आपल्या २०२३ च्या व्यक्तिगत डेटा संरक्षण अधिनियमाच्या सातव्या कलमात, नोकरीच्या प्रयोजनासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी संमतीवाचून माहिती वापरण्याची एक वाट मोकळी ठेवलेली आहे. आणि अधिनियमाची मुख्य बंधने तर २०२५ च्या नोव्हेंबरात नियम निघाल्यावर अठरा महिन्यांनी अमलात यावयाची. “काल रात्री तुमची झोप साडेतीन तासच झाली, तेव्हा आज क्रेनवर नको” हे वाक्य सुरक्षा-अधिकाऱ्याच्या तोंडी दयेचे वाटते. परंतु तेच सहा वेळा नोंदले गेले म्हणजे वार्षिक वाढीच्या वेळी त्याचा शेरा होतो. स्त्री-कामगारांच्या बाबतीत तापमानाच्या चढउतारावरून मासिक चक्राचा आणि गर्भधारणेचाही अंदाज बांधता येतो, तेव्हा ही माहिती मनुष्यबळ विभागाच्या संगणकावर दिसता कामा नये, हे सांगण्याची पाळी येऊ नये, पण येईल.

म्हणून ज्याला परवडते आणि जो आठवड्यातून एकदाच आलेख पाहील, त्याने अंगठी घ्यावी. जो रोज उठून गुण पाहील त्याने घेऊ नये. आणि दिवाळीची भेट म्हणून कंपनीच अंगठ्या वाटू लागली, तर कामगार-प्रतिनिधींनी पेढा खाण्याआधी कलमे मागून घ्यावीत. अंगठी ऐच्छिक असावी. नोंद कामगाराच्याच फोनात राहावी. कंपनीला हवेच असतील तर नावे वगळून संपूर्ण विभागाचे एकत्र आकडे द्यावेत, तेही पाळीपत्रकाची फेरतपासणी करण्याच्या लेखी बोलीवर. हजेरी, बढती, बदली यांच्याशी त्यांची रुजवात घालू नये. या पट्ट्यात तीन-चार वेतनकरार पार पाडलेल्या एका जुन्या प्रतिनिधीला मी हा मसुदा वाचून दाखविला. त्याने आणखी एक कलम घालावयास सांगितले : बॅटरी संपल्यावर नवी अंगठी कोणाच्या खर्चाने, हे आजच लिहून घ्या, कारण करार साडेतीन वर्षांचा असतो आणि अंगठी दोन वर्षांची.